तीन मिलिमीटर डावीकडे

एल्गोइबारच्या आमच्या शॉपला दोन मजले.
वर गाराझी, दोन पडद्यांसमोर.
खाली मी, मिलिंग मशीन, कूलंटचा वास.
मध्ये एकोणीस पायऱ्या.
मॉडेल मात्र पायऱ्यांनी येत नाही.
ती तिकडून पाठवते, मी इकडे उघडतो,
आणि मधल्या निमिषात काय काय गळून पडतं
ते कुणी झाडून पाहिलेलं नाही.

तिच्याकडे ठोकळ्याला पूर्वज असतात.
आधी रेघ, रेघांची चौकट, चौकटीला जाडी,
मग भोकं, मग कडांची गोलाई,
एकेकाला तिनं आमच्या बास्कमध्ये दिलेलं नाव.
माझ्याकडे पोचतो नुसता भरीव ठोकळा.
घरचं काही विचारावं
तर मूग गिळून बसतो.
नाव काय? तर ‘सॉलिड एक’.

गेल्या महिन्यात एक आला,
कोपऱ्याला केसाएवढी फट,
त्या फटीतून सगळा भरीवपणा वाहून गेलेला.
सॉफ्टवेअर म्हणालं, हे तर टरफल.
मी रात्री बसून ठिगळ लावलं.
तेव्हापासून जरा संशयी झालो होतो.
आणि जरा गर्विष्ठ.

मग ते पंपाच्या केसिंगचं फिक्स्चर.
तळाची प्लेट, तीन टेकू, दोन क्लॅम्प
आणि एक खुंटी,
कशालाच न धरणारी, कशालाच न टेकणारी,
मध्यापासून तीन मिलिमीटर डावीकडे.

मोजलं. पुन्हा मोजलं.
बरोबर तीन.
इतकं नेमकं चुकत नसतं कुणी,
हे तेव्हाच सुचायला हवं होतं.
मला वाटलं, वाटेत धक्का लागला असेल.
एकतीस वर्षं लोखंड कापतोय,
वाकडं दिसलं की हात शिवशिवतात.
खुंटी उचलली, मध्यावर आणून उभी केली.
छान दिसली.
विचारायला जायचं तर एकोणीस पायऱ्या,
आणि त्या दिवशी गुडघा ठणकत होता.

रात्रपाळीला ओइहान. नवा पोरगा, जीव लावून काम करणारा.
त्यानं कास्टिंग उलटं ठेवलं.
दोन्ही बाजू सारख्याच दिसतात,
पहाटे तीनला तर फारच सारख्या.
आणि ते बसलं.
अगदी चपखल बसलं.
कटरचे तुकडे पार दारापर्यंत उडाले.

सकाळी गाराझी खाली आली, हातात कॉफी.
तुटक्या कटरकडे तिनं पाहिलंच नाही.
खुंटीकडे पाहिलं.
“ही इथं कशी?”
मी सांगितलं.
ती बराच वेळ कपात बघत राहिली.
“कोल्दोबिका, उलटं ठेवलं
तर कास्टिंगचा कान तिच्यावर आपटतो.
बसतच नाही.
तेवढ्यासाठीच ती तिथं होती.”

तिच्या यादीत, ओळ चौदा, हे लिहिलेलंही होतं.
ओळ चौदा खाली उतरलीच नव्हती.
आणि मी, शाईचा थेंबही न सांडता,
ध चा मा करून मोकळा.

ओइहान हात धुत उभा होता.
धुवून झाले तरी धुतच होता.
त्याला म्हणालो, तुझं नाही रे, माझं.
त्यानं नळ बंद केला नाही.

गुरुवारी नवी प्लेट आली.
खुंटी पुन्हा डावीकडे,
आणि तिच्या पायाशी, दोन दशांश खोल,
एक शब्द कोरलेला: नाहिता.
आमच्या भाषेत, मुद्दाम.
टिपण म्हणून लिहिला असता तर राहिला असता वरच.
आता तो खळगा होता, त्याला भिंती होत्या, तळ होता,
म्हणून आला.

सगळ्यात बारीक कटर लावला,
काच ओढून घेतली, थांबून पाहत राहिलो.
शेवटच्या अक्षरापाशी पोलादाचं एक कुसळ राहिलं.
बोट फिरवलं की टोचतं.
कानस समोरच होती.
मी ते काढलं नाही.